जबडा हरवलेला सांगाडा

स्टॅनमोर
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय अंशुमन,
सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आता कमी दुखतो, दियाची परीक्षा संपली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तू पाठवलेली लिंक पाहिली. एडिनबराच्या तुझ्या फिल्म क्लबात लोक म्हणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपल्या माळ्यावर तुला सापडलेल्या टेपवरचं ते जुनं हॅलोविनचं कार्टून, कुणी केलं तेही कुणाला माहीत नाही. तीच तीन वटवाघळं पुन्हा पुन्हा चंद्रावरून जातात, भोपळ्याचा रंग रेषेबाहेर सांडतो. मला अजूनही हसू आलं. मग तो जबडा हरवलेला सांगाडा बोलला आणि चक्क इंग्रजीत बोलला!

खाली तू लिहिलंयस, "कुणीतरी वर मराठी बडबड रेकॉर्ड केली होती, ती काढून ओरिजिनल साउंडट्रॅक टाकला."

कुणीतरी? अरे, बाप होता तुझा तो! आम्ही ईलिंगला नवीन आलो तेव्हा आईला इंग्रजीचा गंध नव्हता. दिवसभर खोलीत एकटी असायची. तिच्यासाठी बाबा व्हीसीआरला माइक लावून सगळ्यांचे आवाज काढायचे. भूत आलं की मध्येच म्हणायचे, "भूतबित काही नसतं हं, धम्मशीला. हा कौन्सिलचा क्लार्क आहे." आई पोट धरून हसायची. आणि तू ते पुसून मोकळा झालास. एक फोन करून विचारायला काय झालं होतं?

बाबा गेले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. आवाज ओळखणार कसा? मीच कधी सांगितलं नाही. का, तेही ऐक.

मी नऊ वर्षांची होते. हॅलोविनला वर्गातल्या मुली घरी आल्या, टेप लावली, त्या फिदीफिदी हसल्या. मी सगळ्यांसमोर ओरडले, "Dad, stop it! It's embarrassing!" बाबांनी टेप काढली आणि माइक कपाटात ठेवला. पुन्हा एकही कार्टून केलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

मूळ टेप कचऱ्यात टाकणार म्हणतोस. खबरदार हात लावलास तर! पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पस्तीस वर्षं आईने तो आवाज ऐकलेला नाही, आणि ती कधी मागतही नाही. तुझ्यावर मी चिडलेय, अजून बरेच दिवस चिडणार आहे. पण त्यांचा आवाज तू बंद केलास तो दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा बंद करणारी,
तुझी ताई
उल्का