पुलाचा चढ

मंगळवार, शिफ्टवरून आल्यावर

हिंगण्याले कामावर जाताना पुलाचा चढ एकदा तरी सायकलवरून न उतरता, स्वतःच्या दमावर चढायचा, एवढंच ठरवलं होतं मनाशी. आज चढ संपतच आला होता. तेवढ्यात मागून मोटरसायकलवर मिलिंद आला, माझ्याच शिफ्टचा दोस्त. दमलेला सायकलवाला दिसला की सारेच करतात तसं त्यानं माझ्या कॅरिअरले पाय लावला अन् मले वर ढकलून दिलं.

डोकंच सटकलं. सायकल फेकली अन् त्याच्या थोबाडावर बुक्की हाणली. ओठ फाटला.

"काहून मारून राहिला गा? मदतच केली नं!"

मी आणखी एक हाणली.

तो पाय! अजूनही तोडावासा वाटते. पण त्याले कुठं माहीत होतं? वर पोचलो की पहिले त्यालेच सांगणार होतो.