तुलनेसाठी घेतलेली नीलाबाई

लातूर, ५ जानेवारी २००९

चि. वरद यास आत्याचे आशीर्वाद.

शनिवारी, ३ जानेवारीला, सकाळी साडेदहा वाजता माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून माझ्या प्लेटलेट्सची चोरी झाली, आणि चोराला दार उघडून देणारा तू आहेस. तरीही रीत म्हणून विचारते: वसंतदादाची शुगर कशी आहे? मालविकाचा खोकला गेला का? नांदेडला थंडी किती? माझ्या प्रकृतीचे विचारू नकोस. आता ती छापून आली आहे.

डॉक्टरांच्या मासिकात छापलेला तुझा निबंध मिळाला. इंग्रजी बरे आहे (‘द’ जागोजागी गाळला आहेस, सिकंदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर हातावर पट्टी बसली असती). विषयही नीट मांडलास. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असते, त्यात माझ्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, मशीनला घोळका मोजता येत नाही आणि ते तीस हजार सांगून मोकळे होते. प्रत्यक्ष अंगात सगळ्या जागच्या जागी! हे कळेपर्यंत मी पपईच्या पानांचा रस पीत होते. तो कडूजहर रस रोज वाटीतून आणणारी शेजारची नीलाबाईच. वरच्या खोल्यांत राहणाऱ्या हिमायतनगर-उमरीच्या मुली क्लासला जाताना जिन्यातून विचारायच्या, "मावशी, आज किती आल्या?" आणि आकडा ऐकून असे चेहरे करायच्या, जणू माझा मेडिकलचा नंबर हुकला. शेवटी मी म्हटले, लातुरात कमी आकडा मुकाट्याने कोण मान्य करतो? इथे पंच्याण्णव टक्के पडलेले पोरही फेरतपासणीचा अर्ज करते. म्हणून तुला, घरच्याच रक्ततपासणीच्या डॉक्टरला, नांदेडहून बोलावून फेरतपासणी मागितली. तू निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलेस, काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेस, आणि निघाल्या अडीच लाख. निबंधात मात्र ‘संशोधकाला शंका आली’ असे लिहिले आहेस. शंका मला आली होती. असो.

तर शनिवारी तिळाचे लाडू वळायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. तुझा निबंध मी सहज बाहेर काढला (म्हणजे ताटांच्या शेजारी आधीच मांडून ठेवला होता). त्यात नाव नव्हतेच. ‘लातूर येथील सहासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका’ एवढेच. मी वाचून दाखवायला चष्मा शोधते आहे तोच नीलाबाई म्हणाली, "अगं बाई, ही तर मीच की! माझंबी रक्त नेलं होतं वरदनं!" झाले! आता तीही सहासष्टची, तीही निवृत्त शिक्षिका (भूगोलाची), आणि रक्त तिचेही घेतले होतेस हे खरेच. पण कशाला? तुलनेसाठी! शेजारी एका निरोगी माणसाची नळी हवी म्हणून! हे मी सांगितले तर बायका म्हणतात, "असू द्या हो सौदामिनीताई, दोघी घ्या की वाटून." प्लेटलेट्स काय लाडू आहेत? आता ती गल्लीभर ‘माझा आजार, माझा आजार’ करत फिरते आहे. धडधाकट असणे एखादीला इतके झोंबावे? ही तीच बाई, जी भूकंपानंतर आम्ही सगळे मैदानात झोपायचो तेव्हा, पहिला धक्का आपल्याच पलंगाला बसला म्हणून सांगायची. तेव्हा मी सोडून दिले. भूकंप काय, सगळ्यांचाच होता.

नाव छापू नकोस असे मीच बजावले होते, हे तू म्हणशीलच. अरे, बाई नको म्हणाली की दुसऱ्यांदा आग्रह करायचा असतो. जेवायला वाढताना करतोस ना? आणि ‘रुग्ण महिला अतिशय चिंताग्रस्त होती’ हे कुठून काढलेस? मी घाबरत नाही. कशालाच.

तेव्हा कोणाच्या प्लेटलेट्स चिकटतात आणि कोण नुसतीच निरोगी आहे, हे मला लेखी, सहीशिक्क्यानिशी हवे. बुधवारी, संक्रांतीला, दुपारी चारच्या आत. चारला हळदीकुंकू आहे. फोन चालणार नाही. फोन काही दारावर चिकटवता येत नाही.

तुझी आत्या,
सौदामिनी

ता.क. त्याच कागदावर खाली दोन ओळी इथल्या हाडांच्या डॉक्टरांसाठीही लिही. शुक्रवारी, १६ तारखेला, माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. त्यांच्याही मशीनने तीस हजारच सांगितले, आणि तुझ्या सहीशिवाय ते आता सुरीला हात लावायला तयार नाहीत.

आणखी एक ता.क. पोस्टाचा भरवसा नाही, कागद स्वतःच घेऊन ये. आलासच तर शुक्रवारपर्यंत राहा. बाहेरच्या बाकावर घरचे कोणी बसलेले असावे, असे दवाखान्याचे म्हणणे आहे (माझे नाही). तशी नीलाबाई कधीची तयार आहे, डबासुद्धा आणणार आहे. पण मी आत भुलीखाली असताना ती डॉक्टरांना स्वतःच्याच प्लेटलेट्स समजावत बसेल, आणि मला उठून खोडून काढता येणार नाही.