माझ्या प्रोग्रॅमवर त्याचं नाव

बुधवार, १२ ऑगस्ट १९९८, कन्हेरी

अजून राग गेलेला नाही. दूध संघाच्या बिलांचा प्रोग्रॅम मी वर्षभर खपून लिहिला. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर 'नुसता बघतो' म्हणून फ्लॉपी घेऊन गेला आणि आज त्यानं अध्यक्ष तात्यांसमोर तोच प्रोग्रॅम चालवून दाखवला. पडद्यावर माझं नाव खोडून स्वतःचं घातलेलं!

"तात्या, हे मी लिहिलंय."

तात्या हसले. "पोरी, तू टायपिंग करतीस न्हवं?"

टायपिंग! मी इंजिनिअरला म्हटलं, "दुधातल्या फॅटचा दर बदलून दाखवा." बराच वेळ तो चाचपडला. मी लगेच बदलून दाखवला.

तात्यांनी ते बघितलं. मग म्हणाले, "बरं, उद्यापासनं सायबांना शिकव."

"त्यांचं नाव हाय, त्यांनीच चालवावं," मी म्हणाले आणि ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून निघून आले.