लॅमिनेट केलेली चिठ्ठी

४ ऑगस्ट, सोमवार
सरूअक्का सकाळीच माझ्या औषधाच्या दुकानात. कोपर सोललेलं. काल रिक्षातून उतरताना झोक गेला म्हणे. नेहमीसारखी पिशवीतून झोपेच्या गोळीची चिठ्ठी काढली. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली. फाटू नये म्हणून लॅमिनेट केलेली. खाली 'पंधरा दिवस' स्पष्ट दिसतं. मला सहा वर्षं दिसतंय. ते डॉक्टर केव्हाच जळगाव सोडून गेले. प्लास्टिकवर दुकानाचा शिक्का उमटत नाही, म्हणून मारायचंही सोडलं.
या गोळीनेच झोक जातो. आज दिली नाही. म्हटलं, नवीन चिठ्ठी आणा.
"सहा वरीस दिधी, आते काय व्हयनं तुले?"
चिठ्ठी तशीच परत दिली. दिवसभर स्वतःवर खूष होतो. हेही लिहून ठेवतो.

६ ऑगस्ट
अक्का परत. थरथरणारे हात पदराखाली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. "गोळीनी एकच पट्टी दी दे ना भाऊ. पोऱ्याले सांगू नको." पोऱ्या म्हणजे मुलगा विजय, दिवसभर डाळमिलमध्ये, त्याला गोळीचं माहीतच नाही.
डॉक्टरकडे चला म्हटलं, मी येतो सोबत.
"नवा डॉक्टरले काय सांगू? धनी गया म्हनीसन झोप उडनी?"
मी म्हणालो, चार दिवस त्रास होईल, मग सुटेल. किती ठामपणे म्हणालो.

८ ऑगस्ट
दुपारी विजयचा फोन, हॉस्पिटलमधून. आईला फिटचा झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली.
ही गोळी एकदम तोडली की झटका येऊ शकतो. फार्मसीच्या परीक्षेत हे लिहून मार्क मिळवलेत मी. आणि तरी...
शटर ओढून गेलो. विजय रिपोर्ट आणायला गेलेला. डॉक्टरांना सांगितलं: सहा वर्षं रोज घेत होत्या, सोमवारपासून बंद.
"कोणी बंद केली?"
"मी."
त्यांनी नुसतं लिहून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१० ऑगस्ट
गोळी पुन्हा सुरू. काही महिन्यांत थोडी थोडी कमी करायची. विजयने माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, तुम्ही गोळीचं सांगितलं म्हणून कळलं. आम्ही झटका वयामुळे आला समजून बसलो होतो."
सांगायचं होतं, विजय, देत मीच होतो, तोडलीही मीच. तेवढ्यात नर्सने त्याला हाक मारली. तेवढ्यात कसलं. वेळ भरपूर होता.

२३ ऑगस्ट
अक्का घरी. गोळ्यांची पट्टी द्यायला स्वतः गेलो. झटक्यात चावलेली जीभ अजून जड, सावकाश बोलतात.
"आते परत बंद नही करशी ना?"
"एकदम नाही, अक्का. हळूहळू."
"हळूहळू म्हंजे बंदच ना, भाऊ."
विजय हसला. "आई, ऐक त्यांचं. भाऊंमुळे वाचलीस तू."
अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टी उशीखाली सरकवली.
विजयला खरं न सांगताच मी चपला घातल्या.