गोऱ्याची पेन्सिल, आप्पांचं बोट

३ फेब्रु., जालना
महिनाअखेर मुंबईला पाश्चात्त्य संगीताच्या ऑर्केस्ट्रासाठी निवड. व्हायोलिनच्या ऑनलाइन तासाला सर पुन्हा ओरडले, "बोट घसरतंय! ही तुझी घरची खोड, भजनातली." घरची म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची. ते जन्मभर हसनाबादच्या भजनी मंडळात व्हायोलिन वाजवत आले. सुरावरून सुरावर बोट ओढत न्यायचं, ही त्यांची रीत. दिवाळीपासून त्यांनी आपलं व्हायोलिन कपाटावर टाकलंय. "माझं वळण लागंल तुला," म्हणतात. भजनालाही जात नाहीत.

७ फेब्रु.
निवडीला वाजवायचा तुकडा इंटरनेटवर सापडला. एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या वादकाची स्वतःची स्वरलिपीची प्रत, पेन्सिलीच्या खुणांसकट. अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. कुठल्या सुराला कितवं बोट, ते आकडे तेवढे वाचता येतात. एके ठिकाणी लागोपाठ दोन वेगळ्या सुरांवर २, २. चुकला असेल बुवा.

८ फेब्रु.
चुकला नाही! पानभर तेच. ३-३, १-१. दोन्ही सुरांना एकच बोट, आणि वर कमान, म्हणजे गज न उचलता दोन्ही सूर एकाच ओढीत. बोट ओढतच न्यावं लागतं. वाजवून पाहिलं. हे तर आप्पा! पुन्हा वाजवलं. डिट्टो आप्पा.
ते आतून आले. "बराबर वाजवून राह्यली की! कुणी शिकवलं?"
सगळं सांगितलं. पान दाखवलं. ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग निवड करणारा त्यो हाय का?"

१० फेब्रु.
सरांना पान पाठवलं. वाटलं, उडतील. फोन आला, "माहितीये मला. तेव्हा सगळेच असं वाजवायचे. आता चालत नाही."
माहितीये!! मग घरची खोड का म्हणालात?
"लवकर सुटावी म्हणून."
बस, एवढंच. आणि इकडे माझा बाप कपाटाकडे पाठ करून झोपतो. राग आलाय, भयंकर. पण सर चुकीचं सांगतायत असंही म्हणवत नाही...

२४ फेब्रु., गाडीत
पानावर सरांचे आकडे आहेत. शेजारी त्या गोऱ्या बुवाचेही उतरवलेत. खोडरबर सोबत. काय वाजवेन, देव जाणे.
निघताना आप्पांचं व्हायोलिन उतरवून त्यांच्या खाटेवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे वरच," म्हणाले. पण परत ठेवायला उठले नाहीत. मी जिन्यात थांबले. आत व्हायोलिनच्या पेटीची एक कडी उघडताना वाजली. दुसरी वाजायच्या आत रिक्षावाल्याने हॉर्न दिला.