हयात संस्थापकांचा ठराव

महाड,
३ फेब्रुवारी १९८२

ती. प्रयागआक्कास,
जानूचा सविनय जयभीम. वि. वि. तुझा खोकला उतरला असेल. आमच्या चित्रकार मंडळाला दहा वर्षं झाली, म्हणून स्मरणिका निघते आहे आणि मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. इतिहास सोपा आहे: आधी भांडणं, मग फूट, मग पुन्हा भांडणं. मधूनमधून चित्रंही काढली.

अडलंय ते लतीफपाशी. पहिली सभा त्याच्या ट्रक रंगवायच्या शेडमध्ये झाली. तुला ठाऊक आहे, चहा तूच केला होतास. पण अध्यक्ष मोकलसाहेबांनी ठराव केलाय, की हयात संस्थापकांनी चित्रकलेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र जोडावं, नाहीतर नाव छापायचं नाही. लतीफकडे कुठलं प्रमाणपत्र? पुढच्या महिन्यात तो कुवेतला चाललाय. सांगत होता की तिकडं तो निस्ता रंगारी, पण पुस्तकात नाव असलं तर खोलीवरच्या माणसांना दाखवता येईल, आपण बी गावात काय तरी उभं केलं हाय म्हणून.

मी काय करू? रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
जानू

पोलादपूर,
८ फेब्रुवारी १९८२

चि. जानूस आक्काचे अ. आ.
खोकला गेला, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक मात्र अजून आहेत.

गेल्या प्रदर्शनात तुझ्या मोकलसाहेबांचा घोडा बघून कुडपणच्या काशीबाईनं मला विचारलं होतं, की ही म्हैस गाभण हाय का गो. त्या म्हशीला मात्र प्रमाणपत्र होतं!

लतीफचं नाव बेधडक छाप म्हटलं तर तू ठरावाला भिणार. जन्मभर पोरांना सरळ रेघ शिकवलीस, स्वतःला तेवढी जमली नाही. अरे, आपल्याकडं मोठं व्हायला एकच परीक्षा लागते, मरायची. लतीफ मेला असता तर याच मोकलसाहेबांनी काळ्या चौकटीत घालून त्याला कलामहर्षी केला असता.

लतीफच्या सलीमाला माझी आठवण सांग. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आक्का

महाड,
१५ मार्च १९८२

ती. आक्कास सविनय जयभीम.
तुझा सल्ला मानला. तू चिडून लिहिलं होतंस हे कळलं, पण ठराव पुन्हा वाचला, तर प्रमाणपत्र खरोखरच फक्त हयात माणसाला लागतं. तेव्हा लतीफचं नाव 'दिवंगत संस्थापक' म्हणून छापलं. मोकलसाहेब आधी म्हणाले की तो तर सकाळीच मासळी घेताना दिसला. मी ठराव पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, नियमाला धरून आहे.

लतीफला आधी विचारलं होतं. नाव तेवढं नीट लिही, बाकी अल्ला बघून घेईल, म्हणाला. सलीमाभाभीनं मात्र मला दारातूनच पिटाळलं. तिचा नवरा जित्ता हाय, हे सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेलं.

प्रकाशनाला पाहुण्यांनी दिवंगतांसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. पहिल्या रांगेत लतीफही मान खाली घालून उभा. नंतर मोकलसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं सांत्वन केलं.

स्मरणिका त्यानं बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय. पण आता मंडळाच्या खोलीत दिवंगत संस्थापकाचं तैलचित्र लावायचं ठरलंय. हुबेहूब चेहरा काढणारा मंडळात दुसरा कोणी नाही, म्हणून काम लतीफकडेच आलं. पुढ्यात आरसा घेऊन शेडमध्ये बसलाय. तुला विचारायला सांगितलंय, की हार पण रंगवूनच टाकू का? तो गेल्यावर ही माणसं कुठली फुलं आणतायत!

उत्तर लगेच धाड, रंग ओला आहे.

तुझा,
जानू