चिठ्ठी नसलेली भिंत

सलवा, कुवेत
ऑगस्ट २००४

प्रिय फरहत,

अब्बाच्या पोटभर दुवा. तुझ्या त्या एका वाक्याचा हिशेब मी मांडून पाहिला. ‘इथं चित्रांपेक्षा शेजारच्या चिठ्ठ्यांवर जास्त मेहनत घेतली आहे’ असं तू मेलबर्नच्या पेपरात लिहिलंस. त्यापायी गॅलरीची आमंत्रणं गेली, संपादकाचं हसून बोलणं गेलं, आणि ज्या मैत्रिणीची ती चित्रं होती तिचा रविवारचा फोनही गेला. महाग पडलं, बेटा. परवा फोनवर तू म्हणालीस, आता समीक्षा पुरे, बँकेत नोकरी बघते. मी फोन तुझ्या अम्मीच्या हातात दिला. मी असा फोन सोडला की डोक्यात काहीतरी शिजतंय, हे तिला बरोबर कळतं.

त्या प्रदर्शनाला तू मला नेलं होतंस. ऐन जुलैत अंगात स्वेटर, हातात संत्र्याचा रस. बाकीच्यांच्या हातात वाइन आणि पाठी चित्रांकडे. तू टिपणं काढत होतीस, मी कान उघडे ठेवून उभा. रत्नागिरीच्या मासळीबाजारात तयार झालेले कान ते! एक जोडपं आलं, चित्राचा अर्थ सांगणारी चिठ्ठी वाचली, ‘किती खोल!’ म्हणालं आणि मान वर न करता पुढच्या चिठ्ठीकडे सरकलं. चित्र बिचारं लग्नात कुणी जेवायला न विचारलेल्या मावशीसारखं उभं. तिथल्या गॅलऱ्या देखण्या, भिंती दुधासारख्या, पण चित्रापुढे कुणी भांडत म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी इतर समीक्षकांचं तू वाचून दाखवलंस, ते तर मीठ विसरलेली पेज. तुझं वाक्य खरं होतं. मी साक्षीदार आहे.

म्हणून परत आल्यावर मी आपल्या फ्रेमांच्या दुकानात प्रदर्शन भरवलं! नव्वदच्या लढाईत लुटलेलं दुकान ज्यानं पुन्हा उभं केलं, त्याला चार भिंती रिकाम्या करणं काय जड? शुऐबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या एका इंजिनिअरच्या पत्नी, सरोजिनीबाई, वर्षानुवर्षं स्वतः काढलेली चित्रं माझ्याकडून फ्रेम करून नेतात आणि पलंगाखाली सरकवतात. कारण पाहुणे म्हणतात, ‘अहो, दिवाणखान्यात धुराडी काय लावता?’ म्हटलं, बाई, पलंगाखालचं सगळं घेऊन या. भिंतींना पांढरा रंग दिला, चित्रं टांगली, आणि चिठ्ठी एकही लावली नाही. नाव नाही, अर्थ नाही. तुझीच शिकवण.

पहिला आला जहरा गावातला गफूर दुकानदार. पांढऱ्याशुभ्र भिंती बघून बुजला आणि चपला दाराबाहेर काढून आत शिरला. त्याचं बघून मागच्यानं काढल्या, मग सगळ्यांनीच. दारातला ढीग बघून रस्त्यानं जाणारेही वळले. कुणाला वाटलं मौलूदचं पठण आहे, कुणाला वाटलं सत्यनारायण. आणि आत काय रण माजलं! गफूर एका चित्राकडे बोट करून म्हणाला, ही तर केस मोकळे सोडलेली बाई. सरोजिनीबाईंचे यजमान उसळले, अहो, ती आमच्या प्लांटची ज्वाला आहे, तिच्यावर माझं घर चालतं! गफूर म्हणाला, मग बाईच की, साहेब. सरोजिनीबाई खुर्ची ओढून आपल्याच चित्रांसमोर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. फरहत, भर दुपारी आलेली माणसं संध्याकाळी मगरिबची अजान झाली तरी हलली नाहीत. मेलबर्नच्या कुठल्याही गॅलरीनं एवढा वेळ माणूस धरून दाखवावा!

आता पत्राचं कारण. चित्रं मी महिनाभर उतरवत नाही. सोबत तिकीट आहे. बँकेत अर्ज टाकण्याआधी ये, बघ, आणि लिही. तुझ्या पेपरानं छापलं नाही तर मी दुकानाच्या काचेवर चिकटवीन. वाईट वाटलं तर वाईट लिही. बापाचं दुकान म्हणून हात आखडू नकोस. तुझ्यासारखं खरं लिहिणारं कुणी उरलं नाही, तर आमच्यासारखे बढाईखोर मोकाट सुटतील. खरं सांगायची सुरुवात मीच करतो: त्या दुपारी अख्ख्या इमारतीत एसी फक्त आपल्याच दुकानाचा चालू होता.

तुझाच,
अब्बा